रोलरवरचा अबोला

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका तळघरात उतरा. पायऱ्या ओल्या आहेत, भिंत धरून या. वर मोठं इस्पितळ आहे आणि खाली, त्याच्या पोटात, धुलाईखाना. खिडकी एकही नाही. वाफ इतकी की समोरच्या माणसाचं आधी नाक दिसतं आणि माणूस मागाहून. साबण, ओलं सूत आणि कसलंसं औषध यांचा मिळून एक वास घशात जाऊन बसतो. यंत्रं अशी घरघरतात की लांबच्या बाईला काही सांगायचं तर तिच्या कानाशी तोंड न्यावं लागतं.

दिसलं? आता त्या कोपऱ्यात बघा. घडी घातलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर एक मुलगी बसली आहे. दहा वर्षांची. मांडीवर वही आहे, पण ती लिहीत नाही, ऐकते आहे. हे ऐकण्याचं काम तिच्या गळ्यात कसं पडलं आणि त्याचं पुढे काय झालं, ते आता सांगतो. गोष्ट गोड नाही. पण नुसत्या गोड गोष्टींनी दात किडतात.

मुलीची आई रोलरवर कामाला होती. रोलर म्हणजे चादरींना इस्त्री करणारं यंत्र. कमरेच्या उंचीवर दोन जाड लोखंडी नळकांडी आडवी बसवलेली, आतून तापलेली, एकमेकांना चिकटून फिरणारी. ओली चादर त्यांच्यात घालायची ती दोघींनी मिळून. एकीने डावं टोक धरायचं, दुसरीने उजवं. ताणायची, कड रोलरला लावायची आणि हात काढण्याआधी मोठ्याने म्हणायचं, "सोडते." दुसरीनेही म्हणायचं, "सोडते." मग दोघींचे हात एकदम मागे. हा नियम कुठे लिहून लावलेला नव्हता, पण नव्या बाईला पहिल्या दिवशी पहिलं तेच शिकवत. एकीने सोडलं आणि दुसरीने धरून ठेवलं, तर चादर तिरकी ओढली जाते आणि धरणारीचा हात सोबत नेते. पूर्वी रोलरपुढे एक लोखंडी जाळी होती. चादरी अडकतात म्हणून ती कधीच काढून भिंतीला टेकवली होती, आणि बायका तिच्यावर आपले डबे अडकवत.

उजव्या टोकाला असायच्या सासूबाई. त्यांना सून नव्हती, मुलगा नव्हता, लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. पण बावीस वर्षं त्या रोलरवर होत्या आणि आल्यागेल्या प्रत्येकीचा सासुरवास त्यांच्याच हातून झाला होता, म्हणून नाव पडलं सासूबाई. पलीकडच्या बाजूला, जिथून गरम चादर बाहेर येई, तिथे घडी घालणाऱ्या चौघी. त्यांतली सगळ्यात वाळकी होती तिला 'घड्याळ' म्हणत. सुट्टीला किती मिनिटं राहिली हे ती न विचारता सांगायची.

या बायका काही राक्षसिणी नव्हत्या. पहिले सहा महिने त्यांनी आईला बरं वागवलं. मुलीला शाळा सुटल्यावर खाली येऊन बसू दिलं. घड्याळ तिला डब्यातली पोळी द्यायची. बिनसलं ते लाल पिशव्यांवरून.

लाल पिशवीत साथीच्या रुग्णांचे कपडे यायचे. ते दोनदा उकळायचे आणि वहीत 'दोनदा' असं लिहून सही करायची, असा नियम. उकळायला घातलं की प्रत्येक खेपेला तास जाई. म्हणून बायकांनी आपसात ठरवलं होतं, एकदाच उकळायचं, सही दोनदाची करायची आणि तासभर आधी घरी जायचं. वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं. मग एके दिवशी वही आईपुढे आली.

"कर सही," सासूबाई म्हणाल्या.

"पण एकदाच झालंय, ताई."

"ते कपड्यांना माहीत, आपल्याला कशाला?"

आईने सही केली नाही. तक्रारही केली नाही. फक्त पिशवी उचलली आणि कपडे पुन्हा उकळायला घातले. सगळ्यांना तासभर थांबावं लागलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मुकादमाच्या लक्षात आलं, की हल्ली धुलाईखाना उशिरा बंद होतो. त्याने विचारलं, आईने खरं ते सांगितलं, आणि तो लवकर घरी जाण्याचा तास कायमचा गेला.

सगळ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चौथ्या दिवशी आई जिना उतरून आली तेव्हा एकही तोंड तिच्याकडे वळलं नाही. सासूबाईंनी आईचं नाव ठेवलं होतं संतीणबाई, आणि हुकूम काढला होता. संतीणबाईंशी कुणी बोलायचं नाही आणि संतीणबाई बोलल्या तर ऐकायचं नाही.

पण रोलरवर बोलल्याशिवाय भागत नाही. "सोडते" म्हणायलाच हवं. सासूबाईंनी तोड काढली. त्यांनी गठ्ठ्यावरच्या मुलीला बोटाने बोलावलं आणि रोलरच्या मधोमध, दोन पावलं मागे उभं केलं.

"हे बघ पोपट, मी मान हलवली की तू आईला म्हणायचं, 'सोडते'. तुझी आई काही बोलली की मी तुला विचारीन, तू मला सांगायचं. कळलं?"

"पण मावशी, आई इथेच तर आहे. तुम्हाला ऐकू येतं ना?"

"मला? मला फक्त पंख्याचा आवाज येतो बाई."

पलीकडच्या चौघी खो खो हसल्या. मुलगी आईकडे बघत राहिली. आईच्या गालावरून घाम ओघळत होता. "त्या म्हणतात तसं कर," आई म्हणाली. "हात तरी वाचतील."

अशी ती पोपट झाली. रोज दुपारी दोन ते पाच, कारण सकाळी नुसतं धुणं चाले आणि रोलर दुपारीच फिरे. सासूबाई मान हलवत, ती म्हणे, "सोडते." आई म्हणे, "सोडते," आणि सासूबाई भिंतीकडे बघत विचारत, "काय म्हणते गं तुझी आई?" "सोडते म्हणते." मग चादर आत जाई. एका चादरीला चार वाक्यं, आणि दुपारभरात दोनशे चादरी. आईला पाणी हवं असेल तर तेही असंच. "मावशी, आई म्हणते, जरा थांबता का, पाणी पिऊन येते." "सांग तिला, देवाकडे माग. तिथे तुमची ओळख आहे."

संध्याकाळी इस्पितळामागच्या कामगारांच्या खोल्यांतल्या एका खोलीत मायलेकी बसत. आई पाय गरम पाण्यात सोडून बसे. झोपण्याआधी ती प्रार्थना करायची, त्यात सगळ्यांची नावं घ्यायची आणि सासूबाईंचं नाव कधी गाळायची नाही. एकदा मुलगी चिडून म्हणाली, "तुला त्या आवडतात?"

"छे. मुळीच नाही."

"मग?"

"येशूने प्रेम करायला सांगितलंय, आवडून घ्यायला नाही." आईने पाय पुसले. "आवडणं आपल्या हातात नसतं. त्यांच्या चादरीचं टोक नीट धरणं आपल्या हातात असतं."

"आणि त्या तुला काहीही बोलतात ते?"

"त्यालाही लोक काहीही बोलले. थुंकले, मारलं. तो गप्प राहिला."

मुलीने ते मनात ठेवलं. पण मुलांनो, मनात ठेवलेली गोष्ट आहे तशी राहतेच असं नाही. लोणच्यासारखी ती आत मुरते, आणि कधी नासते.

महिना झाला. त्या दिवशी सकाळपासून एक धुण्याचं यंत्र बंद होतं, काम साचलं होतं, सगळ्या वैतागल्या होत्या. उष्णतेचा त्रास होतो म्हणून सासूबाई उजव्या मनगटाला ओला फडका गुंडाळत. त्या दिवशीही गुंडाळला होता. चादरी घालता घालता घड्याळने पलीकडून विचारलं, "काय हो सासूबाई, संतीणबाईंचे यजमान कुठे असतात?"

"असतात कुठले? पळाले," सासूबाई म्हणाल्या. त्या मुलीकडे बघून, चांगल्या मोठ्याने बोलत होत्या. "पळेल नाही तर काय करेल? घरात देवमूर्ती आणून ठेवली तर तिची पूजा करायची की तिच्याशी संसार करायचा? विचार गं पोपट आईला, तुझ्या बापाने जाताना चपला घातल्या होत्या की तशाच अनवाणी धूम ठोकली?"

चौघी हसल्या. मुलीने विचारलं नाही. तिचे वडील खरंच निघून गेले होते, ती पाच वर्षांची असताना, आणि त्यांच्या चपला आईने या खोलीतही आणून खाटेखाली ठेवल्या होत्या. सासूबाईंना ते माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. पण नेम धरून मारलेल्या दगडापेक्षा कधी कधी उगाच भिरकावलेलाच दगड वर्मी बसतो.

पुढची चादर आली. आईने डावं टोक धरलं, सासूबाईंनी उजवं. कड रोलरला लागली. तेवढ्यात आईला दिसलं, की सासूबाईंच्या मनगटाचा फडका सुटलाय आणि त्याचं टोक चादरीवर पडून तिच्याबरोबर पुढे सरकतंय.

"ताई, फडका सुटलाय," ती म्हणाली. "हात मागे घ्या."

सासूबाई भिंतीकडे बघत होत्या. "पोपट, काय म्हणते गं तुझी आई?"

मुलीने ऐकलं होतं. फडका पाहिलाही होता. तिने सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं, तिथे मघाच्या हसण्याची सुरकुती अजून होती. आणि ती म्हणाली, "काही नाही."

दोन शब्द. ते म्हणायला जेवढा वेळ लागला तेवढाच बास झाला.

आई किंचाळली, "ताई, हात!" आणि हातातलं टोक टाकून रोलर थांबवायच्या लाल बटणाकडे धावली. बटण सासूबाईंच्या बाजूच्या खांबावर होतं. पाच पावलं. रोलर थांबला तेव्हा सासूबाई गुडघ्यांवर आल्या होत्या आणि त्यांच्या तोंडातून आवाजसुद्धा येत नव्हता. काय झालं होतं ते मी तुम्हाला वर्णन करून सांगणार नाही. चार बोटं गेली आणि तळवा भाजून निघाला, एवढं पुरे. नळकांडी उलटी फिरवून हात मोकळा केला तो आईनेच, आणि त्यात तिची स्वतःची दोन बोटं पोळली. वर नेईपर्यंत ती सासूबाईंना धरून होती.

मुलगी कोपऱ्यात गठ्ठ्यामागे बसून राहिली. तिला कुणी काही विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या इस्पितळात एकच बोलणं होतं. संतीणबाईने महिनाभर अबोला सोसला आणि शेवटी दाखवला इंगा. समोर फडका सुटलेला दिसला आणि मूग गिळून बसली. घडी घालणाऱ्या चौघी सांगत, आम्ही पलीकडे होतो, आम्हाला काही ऐकू आलं नाही, पण ओरडली ती हात गेल्यावर ओरडली. सासूबाईंनी शुद्धीवर आल्यावर तेच सांगितलं. "तिने सांगितलं नाही. मी पोरीला विचारलंसुद्धा. पोर म्हणाली, काही नाही."

त्या रात्री जेवताना आईने विचारलं, "मी फडक्याचं बोलले ते तू ऐकलं होतंस?"

"यंत्राचा आवाज होता," मुलगी म्हणाली.

आईने मान डोलावली आणि ताट पुढे सरकवलं.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. वरच्या कचेरीतून चष्मेवाल्या बाई आल्या होत्या. शेजारी मुकादम लिहून घ्यायला बसला होता. आई उभी होती आणि मुलगी तिच्या पदराआड.

"तुम्ही त्यांना सावध केलं होतं?" बाईंनी विचारलं.

"हो. दोनदा."

"मग त्यांनी हात का नाही काढला?"

"त्या माझं ऐकत नाहीत. महिना झाला."

बाईंनी दाराशी उभ्या असलेल्या घड्याळकडे पाहिलं. "तुमच्यात अबोला होता का?"

"अबोला? छे हो बाई," घड्याळ म्हणाली. "आम्ही बहिणीबहिणींसारख्या राहतो."

बाईंनी पुन्हा आईकडे बघितलं. "पलीकडे चौघी होत्या. पहिल्यांदा सांगितलंत ते एकीलाही ऐकू गेलं नाही. किती मोठ्याने सांगितलंत?"

आईने मुकादमाच्या पेन्सिलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "हळू सांगितलं."

"का?"

"कंटाळले होते. ऐकलं तर ऐकलं, असं मनात आलं." तिने पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळलं. "ओरडायला हवं होतं. दुसऱ्यांदा ओरडले."

मुकादमाची पेन्सिल भराभर चालली. असं कबूल करायला तिला कुणी सांगितलं होतं, असंच त्याच्या तोंडावर होतं. बाईंनी चष्मा काढला आणि मुलीकडे वाकून विचारलं, "आणि तू गं? आई आधी काही बोलली होती का?"

मुलीने आईचा पदर आणखी पुढे ओढून घेतला.

"लेकरू आहे बाई, ते काय सांगणार?" मुकादम म्हणाला. "आईच्याच बाजूने बोलणार. सोडा."

बाईंनी सोडलं. आणि मुलीला काय वाटलं असेल? तिला हायसं वाटलं. अगदी अंग हलकं झालं. मग तिने आईची पोळलेली बोटं बघितली, आणि आपल्याला हायसं वाटलं याचीच तिला इतकी किळस आली, की बाहेर येऊन ती मोरीत ओकली.

निर्णय शनिवारी होणार होता. तोपर्यंत आईने कामावर यायचं नव्हतं. काम गेलं की खोलीही जाणार, कारण खोल्या कामगारांच्याच. शेजारची मंडळी आताच विचारायला लागली होती, तुमच्या खोलीत उजेड बरा येतो का म्हणून.

घरी बसून आईने काय केलं असेल? ती दोन वेळा वॉर्डात जाऊन सासूबाईंना भरवायला लागली. सासूबाईंचा उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला होता, डाव्या हाताला सुई टोचून नळी लावली होती. पहिल्या दिवशी घड्याळ येऊन गेली, रडली, दोन संत्री ठेवली आणि पुन्हा आली नाही. भावाला निरोप गेला होता, त्याने कामाचं कारण सांगितलं. बावीस वर्षं सासुरवास केलेली बाई वाडग्यातला भात बघत पडून होती.

सासूबाई काही विरघळल्या नाहीत, बरं का. "आलात पाप धुवायला?" त्या पहिल्या घासालाच म्हणाल्या. आता मात्र त्यांना सरळ बोलावं लागत होतं. "मीठ कमी आहे." "गरम आहे, तोंड भाजतंय, हात भाजला तेवढा पुरे नाही का?" "पोरीला घेऊन का येतेस? तमाशा आहे का इथे?" आई फुंकर घालून पुढचा घास द्यायची. एकदा सासूबाईंनी भात तिच्या अंगावर थुंकला. आई उठली, खिडकीपाशी गेली, तिथे पाठ करून बराच वेळ उभी राहिली. खांदे हलत होते. मग परत आली आणि चमचा उचलला.

शुक्रवारी संध्याकाळी मुलीला राहवलं नाही. "तू गप्प का बसतेस?" ती म्हणाली. "तूच सांगितलंस, येशू गप्प बसला म्हणून. मी पण तेव्हा गप्प बसले होते. मग मला का असं वाटतंय?"

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मार त्याच्या अंगावर पडत होता, तेव्हा तो गप्प होता. दुसऱ्याच्या अंगावर पडणारा मार बघून तो गप्प बसला नाही कधी." मग ती म्हणाली, "आणि तू गप्प कुठे होतीस? तू बोललीस. काही नाही म्हणालीस."

मुलगी आईच्या समोर येऊन उभी राहिली. "तू ऐकलंस?"

"शेजारीच तर उभी होते."

"मग त्या बाईंना सांगितलं का नाहीस?"

"माझं होतं ते सांगितलं. हळू बोलले ते. हे तुझं आहे."

"पण खोली जाईल."

"जाईल."

"आपण कुठे जाणार?"

"माहीत नाही," आई म्हणाली. तिचा आवाज रागाचाही नव्हता आणि मायेचाही नव्हता, नुसता थकलेला होता. "मी तुला ओढत नेणार नाही. मारून मुटकून बोलायला लावलेलं तुझं राहणार नाही. जेव."

शनिवारी सकाळी दोघी वॉर्डात गेल्या. भरवून झाल्यावर आई वाडगा धुवायला नळावर गेली. खाटेपाशी मुलगी एकटी राहिली. सासूबाईंनी डोळे मिटले होते.

"मावशी."

"काय गं?"

"आई म्हणाली होती. फडका सुटलाय, हात मागे घ्या, असं. मी ऐकलं होतं." तिने खाटेची दांडी घट्ट धरली. "तुम्ही विचारलंत तेव्हा मी मुद्दाम काही नाही म्हटलं. तुम्ही बाबांचं बोललात म्हणून. मी चुकले."

सासूबाईंनी डोळे उघडले. शेजारच्या खाटेवरची म्हातारी खोकली, थांबली, पुन्हा खोकली. मुलीला वाटलं होतं, आता त्या ओरडतील, शिव्या देतील. तिला तेच हवं होतं.

"मला पण ऐकू आलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

मुलीला कळलं नाही.

"तुझ्या आईचं. अक्षर न् अक्षर. बहिरी आहे का मी? रोजच ऐकू यायचं." त्यांनी ओठ दाताखाली धरला. "तिच्या शब्दावर हात मागे घ्यायचा नव्हता मला. तू काय म्हणतेस ते बघू म्हटलं."

"मग तुम्ही त्या बाईंना..."

"मी काही सांगणार नाही." आवाज पुन्हा नेहमीसारखा करकरीत झाला. "हात गेला माझा. आता चारचौघींत तोंड पण काळं करून घेऊ? त्या खाली हसतील मला. तू काय सांगायचं ते जाऊन सांग. मी म्हणेन, पोर आईसाठी खोटं बोलते."

"मावशी, मी..."

"चालती हो. आणि माफी बिफी मागू नकोस. मी देणार नाही." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बांधलेला हात पांघरुणावर तसाच पडून होता, जाड आणि पांढरा, एखादं गुंडाळलेलं तान्हं मूल असावं तसा.

मुलगी तिथेच उभी राहिली. मुलांनो, तुम्ही असता तर काय वाटलं असतं? खरं बोललं की मन हलकं होतं, असं आम्ही मोठी माणसं तुम्हाला सांगतो. तिचं काही हलकं झालं नव्हतं. उलट आता तिच्याकडे दोघींचं ओझं होतं. आणि सासूबाईंचं तिने जाऊन सांगितलं तरी विश्वास कोण ठेवणार होतं?

पांघरूण सासूबाईंच्या पायांवरून घसरलं होतं. तिने ते वर ओढलं. सासूबाईंनी पाय झटकला. तिने पुन्हा ओढलं, आणि मग ती वॉर्डाबाहेर पडली.

कचेरी लांबलचक ओसरीच्या टोकाला होती. बाहेरच्या बाकावर धुलाईखान्याच्या चौघी बसल्या होत्या, कागदावर सह्या करायला बोलावलेल्या. "आला गं पोपट," त्यांतली एक म्हणाली. "आज कुणाचा निरोप?" घड्याळने बोलणारीला कोपराने ढोसलं आणि ती स्वतः खाली मान घालून पदराशी चाळा करत राहिली. आतून मुकादमाचा आवाज येत होता, हुद्दा, तारीख, खोली किती दिवसांत रिकामी करायची.

नळावर आई अजून वाडगा धूत असेल. तिला बोलवावं, असं मुलीला एकदा वाटलं. हात धरायला कुणी असतं तर बरं झालं असतं. पण आई आली की लोक आईकडे बघतील, आणि मग ते आईसाठी बोलल्यासारखं होईल. आधी आपलं सांगायचं, मग बाकीचं. एवढंच तिला कळत होतं, आणि तेसुद्धा नीट नाही.

तिने दारावर थाप मारली. आत बोलणं थांबलं. "कोण आहे?" चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

मुलीने दार ढकललं आणि ती आत गेली. दार लावून घे, असं मुकादमाने हाताने खुणावलं. तिने ते लावलं नाही. उलट मागे वळून दोन्ही हातांनी सताड उघडलं, बाकावरच्या चौघींना ऐकू जाईल इतकं, आणि मग टेबलाकडे तोंड करून ती बोलायला लागली. मोठ्याने.